न उघडलेल्या बाटलीचा बाजार

लंडनच्या पॅल मॅल भागात ५ डिसेंबर १७६६ रोजी जेम्स क्रिस्टी नावाच्या गृहस्थाने आपल्या पेढीचा पहिला लिलाव पुकारला, तेव्हा एका दिवंगत सरदाराच्या घरातून आलेल्या चीजवस्तूंत मदिरा बेटावरची वाइन आणि बोर्दोची तांबडी क्लॅरेटही होती. पुढे दोनशे एकोणीस वर्षांनी, योगायोगाने त्याच तारखेला, म्हणजे ५ डिसेंबर १९८५ रोजी, त्याच क्रिस्टीज पेढीच्या लंडनमधील दालनात एक बाटली विक्रीला आली. गडद हिरव्या, हाताने फुंकलेल्या काचेवर १७८७ हे साल, लाफीत हे बोर्दोतल्या द्राक्षमळ्याचे नाव आणि 'टीएच. जे.' ही आद्याक्षरे कोरलेली होती. ती आद्याक्षरे टॉमस जेफर्सनची, अशी समजूत. कारण जेफर्सन त्या सुमारास पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील म्हणून राहत होता आणि बोर्दोच्या वाइनचा मोठा षोकी होता. पेढीच्या वाइन विभागाचे प्रमुख मायकेल ब्रॉडबेंट यांनी स्वतः हातोडी हाती घेतली आणि थोड्याच अवधीत अमेरिकेतल्या फोर्ब्ज घराण्याने ती बाटली १,०५,००० पौंडांना घेतली. एका बाटलीला एवढा भाव त्याआधी कधी आला नव्हता. न्यूयॉर्कच्या फोर्ब्ज संग्रहालयात तिला मानाची जागा मिळाली. तिथल्या दिव्यांच्या उष्णतेने तिचे बूच सुकले, आकसले आणि आत पडले.

बूच आत पडले हा या हकिकतीतला लहान भाग. मोठा भाग असा की ही आणि अशाच आणखी काही बाटल्या बाजारात आणणारा हार्डी रोडनस्टॉक हा जर्मन संग्राहक, त्या पॅरिसमधल्या एका भिंत घालून बुजवलेल्या तळघरात सापडल्या, असे सांगे. पण ते तळघर कोणत्या रस्त्यावर आणि कोणाच्या घरात, हे विचारले की त्याची जीभ जड होई. बिल कोक या अमेरिकन धनिकाने त्यांतल्या चार बाटल्या घेतल्या होत्या. पुढे एका संग्रहालयात त्या मांडायच्या ठरल्या, तेव्हा त्यांच्या पूर्वपीठिकेचा कागद मागण्यात आला. कागद मिळेना, म्हणून कोकने निवृत्त गुप्तपोलिसांकरवी तपास आरंभला. जेफर्सन हा पै-पैचा जमाखर्च ठेवणारा मनुष्य, आणि त्याच्या दफ्तरात या बाटल्यांचा मागमूस नव्हता. काचेवरची अक्षरेही अठराव्या शतकातील हातयंत्राने कोरलेली नसून विजेवर फिरणाऱ्या आधुनिक हत्याराने कोरलेली आहेत, असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. रोडनस्टॉकने शेवटपर्यंत आरोप नाकारले. २०१८ साली तो वारला.

या प्रकरणाचे मूळ वाइनच्या स्वभावातच आहे. चित्र असो, नाणे असो, हिरा असो, घेणारा तो हातात घेऊन, भिंगाखाली धरून, कसास लावून पाहू शकतो आणि पाहिल्याने त्या वस्तूचे काही बिघडत नाही. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली उभी राहिली की व्यापारी हात खोल घालून तळचा कांदा वर काढतो, दाबतो, त्याची साल सोलून पाहतो आणि मगच बोलीला तोंड फोडतो. वाइनची मात्र परीक्षा करण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे बूच काढणे. आणि बूच काढले की विकत घ्यायची वस्तू विकत घेण्याजोगी राहत नाही. म्हणून वाइनच्या लिलावात मनुष्य खरे पाहता वाइन विकत घेत नाही, तिच्याविषयीची कैफियत विकत घेतो: ती कोणाच्या तळघरात होती, किती वर्षे होती, किती थंडाव्यात आणि किती अंधारात होती, आणि या सर्वांना लेखी दाखला काय. जुन्या दालनांत निदान एवढी सोय असे की साठा मोठा असेल तर लिलावापूर्वी त्यातली एखादी बाटली उघडून जाणत्यांना चाखायला देत, आणि विक्रेता, दलाल व गिऱ्हाईक एकमेकांची तोंडे पाहत. आता लिलाव दालनातून आंतरजालावर गेला, तशी तीही सोय गेली; राहिली ती यादी आणि छायाचित्र.

हे स्थित्यंतर एका रात्रीत झालेले नाही. क्रिस्टीजने आपला वाइन विभाग ब्रॉडबेंट यांच्या हाती सोपवून नव्याने उभारला तो १९६६ साली. सदबीज या दुसऱ्या लिलावपेढीने चारच वर्षांनी त्याची री ओढली. न्यूयॉर्क राज्यात तर गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत वाइनच्या लिलावाला कायद्याने मुभाच नव्हती. ती मिळते न मिळते तोच आंतरजाल आले. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात १९९६ साली वाइनबिड ही केवळ आंतरजालावर चालणारी लिलावाची पेढी निघाली. २००० साली पॅरिसमध्ये आयडीलवाइन निघाली. ऑस्ट्रेलियात लँग्टन्स ही मुळात दालनात हातोडी आपटणारी पेढी याच मार्गाला लागली. तेथे पेनफोल्ड्स ग्रेंज या वाइनची निरनिराळ्या सालांची मालिका पुरी करण्याचा छंद असलेले लोक एकेका बाटलीसाठी रात्री जागवतात. २००८ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगने वाइनवरची जकात समूळ काढून टाकली आणि चीनचा पैसा या बाजारात असा काही लोटला की २०१० च्या ऑक्टोबरात सदबीजच्या हाँगकाँगच्या लिलावात १८६९ सालच्या लाफीतची एकेक बाटली सुमारे २,३२,००० अमेरिकन डॉलरांना गेली. शेवटी २०२० सालच्या महामारीने दालनांना कुलुपे लावली, तेव्हा ज्या प्रतिष्ठित पेढ्या पडद्यावरच्या बोलीकडे नाक मुरडून पाहत होत्या त्यांनीही ती मुकाट्याने पत्करली. बर्गंडीतल्या बोन गावच्या धर्मादाय रुग्णालयाचा नोव्हेंबरातला लिलाव हा तर १८५९ पासून चालत आलेला सोहळा. १४४३ साली निकोला रोलँ या सरदाराने स्थापलेल्या त्या संस्थेला दान मिळालेल्या द्राक्षमळ्यांची ताजी वाइन तेथे पिंपांनी विकली जाते. तेथेही आता सिंगापूरचा मनुष्य आपल्या दिवाणखान्यात बसून बोली लावू शकतो.

लंडनच्या वायव्येकडच्या हॅरो उपनगरात राहणारे माझे एक सातारकर स्नेही गेली काही वर्षे या बाजारात नित्य वावरतात. गृहस्थ धनिक नाहीत. एका दूरसंचार कंपनीत नोकरी आणि घरात जिन्याखालच्या कोनाड्यात मांडलेली शेपन्नास बाटल्यांची बेगमी, एवढाच त्यांचा संसार. एका रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे बसून मी एक लिलाव संपताना पाहिला. त्यांनी हेरलेला नग होता बोर्दोच्या मेदॉक भागातल्या एका मध्यम प्रतीच्या शातोची, म्हणजे द्राक्षमळ्याची, २००५ सालची सहा बाटल्यांची पेटी. २००५ हे बोर्दोचे उत्तम साल; म्हणून नावाजलेल्या शातोंच्या पेट्या त्यांच्या आवाक्याबाहेर, पण दुसऱ्या फळीतली पेटी आवाक्यात. पडद्यावर तिच्याविषयी चार ओळी होत्या: मूळ लाकडी पेटी, सर्व पातळ्या मानेत, दोन चिठ्ठ्यांना किंचित ओरखडे, आरंभापासून बंदरी वखारीत. खाली अंदाज दिला होता साडेतीनशे ते साडेचारशे पौंडांचा.

"या चार ओळींपैकी कोणती ओळ मोलाची, सांगा," ते म्हणाले.

मी म्हणालो, "लाकडी पेटी."

"नाही हो. शेवटची."

बंदरी वखार म्हणजे सरकारची जकात व अबकारी भरण्यापूर्वी माल जिथे अडकवून ठेवतात ती देखरेखीखालची वखार. तिथल्या तापमानाची नोंद राहते, माल आला-गेल्याची नोंद राहते, आणि पेटी एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली तरी तिची जागा सहसा बदलत नाही. बदलते ते वहीतले नाव. विल्टशायर परगण्यात कॉर्शॅमजवळ अशी एक वखार आहे, जी मुळात बाथच्या इमारती दगडाची भूमिगत खाण. दुसऱ्या महायुद्धात तिथे दारूगोळा साठवला होता, आता क्लॅरेट आणि बर्गंडी साठवतात. जमिनीच्या पोटात उन्हाळा-हिवाळा सारखाच, त्यामुळे तेथून निघालेल्या पेटीला लिलावात मान अधिक. याउलट ज्या वर्णनात 'खाजगी घरातून' एवढेच लिहिलेले असते, त्या घराचे तळघर थंड होते की बाटल्या स्वयंपाकघरात भट्टीशेजारी उभ्या होत्या, हे समजायला मार्ग नसतो.

वर्णनातील 'पातळी' हा शब्दही नवख्याने नीट लक्षात ठेवावा. बूच कितीही घट्ट असले तरी दशकानुदशके त्यातून कणाकणाने वाइन उडून जाते आणि बाटलीतली पातळी खाली सरकते. बोर्दोच्या बाटलीला उंच खांदे असतात, म्हणून मान, मानेचा तळ, वरचा खांदा, मधला खांदा, खालचा खांदा अशा पायऱ्यांनी ती मोजतात. बर्गंडीच्या बाटलीला उतरते खांदे, म्हणून तिथे बुचापासून खाली किती सेंटिमीटर ते लिहितात. वीस वर्षांच्या बाटलीत मानेचा तळ म्हणजे शहाणी पातळी. चाळीस वर्षांच्या बाटलीत वरचा खांदा क्षम्य. मधल्या खांद्याखाली गेलेल्या बाटलीत हवा शिरून सिरका झाल्याची शंका धरावी. आणि यात एक गंमत अशी की साठ-सत्तर वर्षांची बाटली काठोकाठ भरलेली दिसली तर आनंदाऐवजी संशय यावा, कारण एकतर तिचे बूच केव्हातरी बदलून ती वरून भरलेली असते, किंवा ती तितकी जुनी नसतेच. बूच बदलणे हा गुन्हा नव्हे. पेनफोल्ड्स तर १९९१ पासून आपल्या जुन्या बाटल्यांसाठी गावोगावी रीतसर दवाखाने भरवते, तेथे पंधरा वर्षांहून जुनी बाटली उघडून चाखतात, योग्य वाटल्यास भर घालून नवे बूच व दाखला देतात. मात्र त्या दाखल्याशिवाय बदललेले बूच म्हणजे खाडाखोड केलेला दस्तऐवज.

हॅरोतल्या त्या संध्याकाळी आमच्या स्नेह्यांनी आपली कमाल बोली आधीच नोंदवून ठेवली होती: ४२० पौंड. हा आकडा दुसऱ्या कोणाला दिसत नाही. पेढीचे यंत्र त्यांचे मुखत्यार होऊन, समोरचा जसा चढेल तसे एकेका पायरीने त्यांच्या वतीने चढते, आणि समोरचा थांबला की थांबते. त्यामुळे मनुष्य आपली कमाल किंमत देत नाही, आपल्या खालच्या प्रतिस्पर्ध्याच्या कमाल किमतीहून एक पायरी अधिक देतो. विल्यम व्हिक्रे या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली सिद्धान्तरूपाने दाखवून दिले की अशा व्यवस्थेत प्रत्येकाने मनातला खरा आकडा सांगणे हेच त्याच्या हिताचे. १९९६ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. शास्त्र असे सांगते. मनुष्य मात्र मनातला आकडा रविवारी संध्याकाळी बदलतो. वेळ संपायला तीन मिनिटे असता कोणी अज्ञाताने ३८० ची बोली लावली, यंत्राने आमच्या बाजूने ४०० केली, आणि घड्याळ आपोआप काही मिनिटे पुढे सरकले. वहिनींनी आतून हाक दिली, "अहो, पोळ्या गार होताहेत." आमचे स्नेही जागचे हलले नाहीत, पण बोटही त्यांनी कळफलकाला लावले नाही. "आकडा ठरवायचा तो गुरुवारी, उपाशीपोटी," ते म्हणाले, "रविवारी ठरवलेला आकडा आपला नसतो, समोरच्याचा असतो." घड्याळ संपले, पेटी चारशेला त्यांची झाली.

घड्याळ पुढे सरकण्याच्या या युक्तीमागेही अभ्यास आहे. ॲल्विन रॉथ व ॲक्सेल ओकनफेल्स या दोघांनी २००२ साली दाखवले की जेथे लिलावाची वेळ पक्की बांधलेली असते तेथे बोलीदार शेवटच्या क्षणापर्यंत दबा धरून बसतात आणि मग एकदम झडप घालतात. जेथे नवी बोली आली की वेळ वाढते तेथे दबा धरण्यात अर्थ उरत नाही. वाइनच्या बहुतेक पेढ्यांनी वाढती वेळ पत्करली. त्यात विक्रेत्याचे हित उघड आहे. माझ्या मते नवख्या ग्राहकाचेही आहे, कारण त्याला चोरट्या बोलीची धास्ती राहत नाही. अट एकच: वाढलेल्या मिनिटांबरोबर त्याचा आकडा वाढता कामा नये.

प्रिन्स्टनच्या ऑर्ली ॲशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने वाइनच्या बाजारावर जेवढे लक्ष दिले तेवढे क्वचित दुसऱ्या कोणी दिले असेल. हिवाळ्यातला पाऊस, द्राक्षे वाढतानाची उष्णता आणि तोडणीच्या वेळचा पाऊस एवढ्यावरून बोर्दोचे साल कसे निघेल ते सांगणारे त्याचे समीकरण प्रसिद्ध झाले, तेव्हा जिभेवर पोट भरणारे समीक्षक खवळले होते. पण लिलावाच्या ग्राहकाला त्याचे दुसरे निरीक्षण अधिक उपयोगी. एकाच तळघरातल्या, एकाच सालच्या अगदी सारख्या पेट्या एकामागून एक पुकारल्या, तर पहिलीला मिळतो तो भाव पुढच्यांना बहुधा मिळत नाही. भाव उतरत जातो. पेढ्यांनाही हे ठाऊक. म्हणून काही ठिकाणी पहिली पेटी जिंकणाऱ्याला उरलेल्या सर्व त्याच भावाने घेण्याचा अधिकार देतात. हा अधिकार नसेल तेथे शहाणा मनुष्य चौथ्या पेटीपर्यंत थांबतो.

आता त्या चारशे पौंडांचे काय झाले ते पाहू. कारण पुष्कळांचा हिशेब इथेच चुकतो. हातोडीचा भाव ४००. त्यावर पेढीची अडत पंचवीस टक्के, म्हणजे १००. लंडन-न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या पेढ्यांत हा दर आता अपवादात्मक राहिलेला नाही. अडतीवर ब्रिटनचा वीस टक्के मूल्यवर्धित कर, म्हणजे २०. इथवर ५२० झाले, आणि पेटी अजून वखारीतच. ती घरी आणायची म्हटले की बाटलीमागे सुमारे तीन पौंड अबकारी, म्हणजे १८. आणि मूळ भाव अधिक अबकारी यांवर पुन्हा वीस टक्के कर, म्हणजे ८३ पौंड ६० पेन्स. एकूण ६२१ पौंड ६० पेन्स. वखारीचे भाडे, विमा आणि वाहतूक निराळी. ज्याने चारशेला पेटी घेतली असे तो मित्रांना सांगतो, त्याने ती वास्तविक दीडपटीहून अधिक दामाने घेतलेली असते. विक्रेत्याकडूनही पेढी अडत घेते, ती वेगळीच. अमेरिकेत यावर आणखी एक कटकट आहे: कित्येक राज्ये परराज्यातून घरपोच वाइन आणू देत नाहीत, आणि जेथे देतात तेथेही उन्हाळ्यात जबाबदार पेढ्या माल हलवत नाहीत, कारण तापलेल्या मालमोटारीत दोन दिवस गेलेली वाइन शिजून निघते, बूच वर सरकते आणि पंधरा वर्षांची जपणूक वाया जाते.

आंतरजालाने वाइनच्या बाजाराला फसवणूक शिकवली असे कोणी म्हणेल तर ते इतिहासाला धरून होणार नाही. या व्यवसायातील सर्वांत मोठा म्हणून गाजलेला फसवणुकीचा खटला दालनातल्या झगमगाटातच जन्मला. १९७६ साली जाकार्तात जन्मलेला रूडी कुर्नियावान नावाचा तरुण या शतकाच्या आरंभी लॉस एंजेलिसच्या संग्राहकांत वावरू लागला. त्याच्या जिभेची ख्याती झाली, त्याच्या मेजवान्यांची झाली, आणि २००६ साली न्यूयॉर्कमधल्या दोन लिलावांत मिळून त्याच्या तळघरातली वाइन सुमारे साडेतीन कोटी डॉलरांना विकली गेली. २००८ च्या एप्रिलमधल्या एका लिलावाच्या यादीत पाँसो घराण्याच्या 'क्लो सँ-दनी' वाइनच्या १९४५ ते १९७१ या सालांच्या बाटल्या छापून आल्या. ती यादी बर्गंडीत लोराँ पाँसो यांच्या दृष्टीस पडली. ते तेव्हा त्या घराण्याचे कर्ते पुरुष, आणि त्यांना एवढे पक्के ठाऊक की त्यांच्या घराण्याने क्लो सँ-दनी बनवायला सुरुवातच केली ती १९८० नंतर. त्यांनी पेढीला कळवले आणि तेवढ्यावर न थांबता स्वतः अटलांटिक ओलांडून लिलावाच्या जागी जाऊन बसले. ते नग मागे घेण्यात आले. पुढे त्यांनी कुर्नियावानला भोजनप्रसंगी विचारले, या बाटल्या कोणाकडून घेतल्या? त्याने जाकार्तातल्या 'पाक हेन्द्रा' यांचे नाव आणि दोन दूरध्वनी क्रमांक दिले. इंडोनेशियात 'पाक हेन्द्रा' म्हणजे नुसते 'श्री. हेन्द्रा', असे हेन्द्रा तिथे गल्लोगल्ली. क्रमांकांपैकी एक विमान कंपनीचा निघाला, दुसरा एका बाजारसंकुलाचा.

२०१२ च्या मार्चमध्ये संघीय पोलिसांनी कॅलिफोर्नियातील आर्केडिया गावी त्याचे घर उघडले, तेव्हा त्यांना हजारो छापील चिठ्ठ्या, सालाचे शिक्के, जुनी बुचे, बूच बसवण्याचे यंत्र आणि मोरीत भिजत घातलेल्या बाटल्या आढळल्या. स्वस्त पण चांगल्या जुन्या वाइनची मिसळ करून तो महाग नावांच्या बाटल्या भरत असे. डिसेंबर २०१३ मध्ये तो दोषी ठरला, २०१४ च्या ऑगस्टात त्याला दहा वर्षांची शिक्षा आणि २ कोटी ८४ लाख डॉलरांची भरपाई ठोठावण्यात आली. शिक्षा भोगून झाल्यावर २०२१ साली त्याची इंडोनेशियात पाठवणी झाली. त्याला पकडून देणारी गोष्ट कोणत्याही प्रयोगशाळेची नव्हती आणि कोणाच्या जिभेचीही नव्हती. ज्या जिभांनी त्याची वाइन चाखून वाहवा केली त्या जगातल्या नाणावलेल्या जिभा होत्या. पकडले ते एका शेतकरी घराण्याच्या वहीने: अमुक मळा आमच्याकडे अमुक साली आला, तत्पूर्वी नव्हता.

म्हणूनच छापून येणाऱ्या विक्रमी आकड्यांकडे सामान्य ग्राहकाने केवळ करमणूक म्हणून पाहावे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला बर्गंडीतल्या रोमाने-काँती मळ्याची १९४५ सालची एक बाटली ५,५८,००० डॉलरांना गेली. त्या साली अवघ्या सहाशे बाटल्या निघाल्या होत्या आणि त्यानंतर ते जुने वेल उपटून टाकण्यात आले. शिवाय ही बाटली रोबेर द्रुएँ या बर्गंडीतल्याच मातबर व्यापाऱ्याच्या खाजगी तळघरातली, म्हणजे पूर्वपीठिका निष्कलंक. असा योग शतकात क्वचित. परंतु त्याच नावाच्या कमी पूर्वपीठिकेच्या बाटल्या फिरत असतात, आणि नामांकित वाइनच्या रिकाम्या बाटल्याही आंतरजालावर विकत मिळतात. रिकामी बाटली कोण कशासाठी विकत घेतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा; जाणती उपाहारगृहे मेजवानी संपल्यावर अशा बाटल्या फोडून टाकतात ती काही उगीच नव्हे.

सामान्य ग्राहकाला या बाजारात लाभ आहे तो जिथे कोणी खोटे बनवण्याची तसदी घेत नाही तिथे. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली वीस वर्षांची गोडसर रीसलिंग, स्पेनच्या रिओखातली जुनी राखीव वाइन, ऱ्होन नदीकाठची अप्रसिद्ध गावे, आणि कोणाच्या तरी काकांच्या निधनानंतर निघालेली 'मिश्र बारा बाटल्या' अशी बेवारशी पेटी, यांवर बोलीदारांची गर्दी नसते. दुकानात जुनी वाइन मिळत नाही, कारण दुकानदार वीस वर्षे माल अडकवून बसत नाही. ती मिळण्याची खरी जागा लिलाव हीच. आमचे सातारकर स्नेही याच मार्गाचे. त्यांच्या कोनाड्यात महाग नाव एकही नाही, पण १९९० सालची रीसलिंग त्यांनी मला पाजली. ती तीस वर्षांनंतरही मध आणि ओल्या दगडाच्या वासाने दरवळत होती.

त्यातही माझ्यासारख्याला सुचवायचे तर मदिरा. या वाइनचा आणि आपल्या किनाऱ्याचा जुना संबंध आहे. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे वाटेत मदिरा बेटावर थांबून पिंपे भरून घेत आणि उष्ण कटिबंधातून डोलत-तापत ती पिंपे मुंबई, मद्रास, कलकत्त्यास पोहोचत. अन्य वाइन ज्या प्रवासाने नासली असती त्या प्रवासाने मदिरा सुधारते, असे आढळल्यावर हिंदुस्थानची फेरी करून आलेल्या पिंपांना लंडनमध्ये अधिक भाव येऊ लागला. पुढे समुद्रप्रवासाऐवजी बेटावरच ती उष्णतेत मुरवू लागले. जी वाइन उन्हाने आणि हवेने आधीच तावून-सुलाखून निघाली आहे, तिला भट्टीशेजारच्या फळीवर दहा वर्षे ठेवले तरी फारसे बिघडत नाही, आणि उघडलेली बाटलीही महिनोन्महिने टिकते. पूर्वपीठिका ठाऊक नसलेल्या बाटलीचा धोका जिथे सर्वांत कमी, ती वाइन लिलावात तुलनेने स्वस्त मिळते, यासारखा विनोद नाही.

राहता राहिला प्रश्न महाराष्ट्रात बसून बोली लावणाऱ्याचा. नारायणगावी शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात फसफसत्या वाइनचा खटाटोप केला, राजीव सामंतांनी नाशिकास सुला उभी केली, त्याला आता पंचवीस वर्षे उलटली. पण आपल्याकडची बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच बनते, आणि जुन्या वाइनची फेरविक्री करणारा बाजार आपल्या अबकारी नियमांच्या चौकटीत रुजलेला नाही. परदेशातल्या लिलावात जिंकलेली पेटी इकडे मागवावी, तर वाइनवर सर्वसाधारण सीमाशुल्क दीडशे टक्के. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या कराराने डिसेंबर २०२२ पासून तिथल्या पाच डॉलरांहून महाग बाटलीवरचा दर शंभर टक्क्यांवर आणि पंधरा डॉलरांहून महाग बाटलीवरचा पंचाहत्तर टक्क्यांवर आला, आणि दहा वर्षांत तो अनुक्रमे पन्नास व पंचवीसवर यायचा आहे. पण ही सवलत आयातदारांच्या कामाची; एका पेटीसाठी परवाने व चिठ्ठीनोंदणीच्या खेपा घालण्यापेक्षा ती पेटी लंडनच्या वखारीतच राहू देणे शहाणपणाचे.

तेव्हा ज्यांची मुलेबाळे वा भावंडे लंडन, मेलबर्न किंवा कॅलिफोर्नियात आहेत, त्यांनी बोली त्यांच्या नावे लावावी; अडत व कर धरून कमाल आकडा आठवड्याच्या मधल्या वारी कागदावर लिहून ठेवावा; वर्णनात वखारीचा उल्लेख नसेल तर पेढीला पत्र पाठवून पूर्वपीठिका विचारावी आणि उत्तर न आल्यास तो नग सोडून द्यावा; आणि भेटीला येणाऱ्याला सामानात दोन लिटरांपर्यंत, म्हणजे दोन पूर्ण बाटल्या आणि वर एक अर्धी, विनाजकात आणता येते हे सांगून ठेवावे. बाटली घरी पोहोचल्यावर १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली ती बाळगण्याचा आणि पिण्याचा परवाना आपल्याजवळ आहे की नाही, तेवढे मात्र बूच काढण्यापूर्वी पाहून घ्यावे.